जामीन राहिलेली व्हॅन

मित्रांनो, मी एक जुनी व्हॅन आहे. लाँड्रीची. एके काळी पांढरी होते. आता कोणत्या रंगाची आहे ते बघणाऱ्याच्या चांगुलपणावर अवलंबून. माझ्या दोन्ही कुशींवर 'स्वच्छ धुलाई' असं मोठ्या अक्षरांत लिहिलंय आणि चिखल नेमका त्याच अक्षरांवर बसतो. हसा, हसून घ्या.

आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. कुणी माझ्या दाराला टेकून उभं राहिलं की मला वाटतं, हा टेकलेला नाही, हा कुलूप बघतोय. कुणी माझं कौतुक केलं की वाटतं, याला गाडी फुकटात न्यायचीय. लोक म्हणतात, वयामुळे असं होतं. मुळीच नाही. मी जन्मापासून अशीच आहे आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. अंगावर रंग चढायच्या आधी माझ्यावर दोन नंबर ठोकले गेले, एक सांगाड्यावर आणि एक इंजिनावर. ठोकणारा कामगार प्रत्येक आकडा बोटानं चाचपून बघत होता. मग दुसऱ्यानं येऊन तेच नंबर वाचले. मग तिसरा आला, त्यानं पहिल्या दोघांवर विश्वास न ठेवता पुन्हा वाचले. तेव्हाच मी ओळखलं, इथे असंच चालतं. या दोन नंबरांवरून पुढे काय रामायण घडणार आहे, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

मला विकत घेतलं ते लाँड्रीच्या मालकांनी. माणूस माझ्याच जातकुळीचा. रोज सकाळी ते माझ्या चारही चाकांना एकेक लाथ मारायचे आणि मग वाकून माझ्या पोटाखाली बघायचे. तेलाचा एक थेंब दिसला तरी दिवसभर त्यांचं तोंड वाकडं. डिझेलचा काटा कुठे होता ते लक्षात ठेवूनच घरात जायचे. मला ते फार आवडायचं. आपल्यावर कुणाचा तरी डोळा आहे, या जाणिवेत मोठा आधार असतो.

त्या काळात मी शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलच्या चादरी न्यायचे, हॉटेलांचे टॉवेल न्यायचे. जाताना स्वच्छ कपड्यांच्या गरम वासाचं ओझं आणि येताना मळक्या गाठोड्यांचं. हॉस्पिटल टेकडीवर आहे. तो चढ मी एका दमात चढायचे. तिथल्या मेट्रन सगळ्यांना सांगायच्या, "भिंतीवरचं घड्याळ चुकेल, पण ही व्हॅन चुकायची नाही." असं ऐकलं की माझा हॉर्नसुद्धा जरा खणखणीत वाजायचा.

मग मालक गेले. सकाळची लाथ बंद झाली. लाँड्री त्यांच्या बायकोनं हातात घेतली. तिला गल्लीतले सगळे आत्या म्हणतात, मीही तेच म्हणते. आत्या गाडी चालवायला शिकली, गिऱ्हाइकांशी भांडायला शिकली, पण तिला माझ्या पोटाखाली वाकून बघायला वेळ कुठला? माझं इंजिन म्हातारं होत गेलं. टेकडीच्या चढावर मी खोकायला लागले आणि मागून काळा धूर सोडायला लागले. हॉस्पिटलचा स्टोअरकीपर एक दिवस नाक दाबून म्हणाला, "आत्याबाई, तुमची व्हॅन दारात आली की बरे झालेले पेशंटही खोकायला लागतात. गाडी बदला, नाहीतर मला काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल." घरी परत येताना आत्यानं फक्त माझ्या डॅशबोर्डवरची धूळ पदरानं पुसली. मला भरून आलं होतं, पण मी काय करणार!

आणि अशा वेळी फिटर आमच्या आयुष्यात आला.

फिटर म्हणजे आत्याचा भाचा, तिच्या भावाचा मुलगा. आईवडील नाहीत. एका गॅरेजात गाड्या दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला फिटरच म्हणतात. त्या गॅरेजच्या मालकानं त्याच्यावर आळ घेतला. गिऱ्हाइकांच्या गाड्यांतले चांगले भाग काढायचे, जुने बसवायचे आणि चांगले बाहेर विकायचे, असा तो आळ. पोलिसांनी त्याला धरला आणि तो कोठडीत गेला. खरं काय नि खोटं काय, मला माहीत नाही. मी एवढंच म्हणाले, जो माणूस गाड्यांची आतडी काढतो म्हणतात, तो माझ्यापासून लांब असलेला बरा.

पण माझं ऐकतंय कोण? एक दिवस आत्यानं मला कोर्टाच्या आवारात नेऊन उभं केलं. वकील माझ्या पुढच्या सीटवर येऊन बसला. पेनाचं टोपण चावत तो म्हणाला, "जामीन मंजूर झाला. आता जामीनदार पाहिजे."

"मंजूर झाला म्हणजे सुटला ना?" आत्यानं विचारलं.

"सुटला नाही, आत्याबाई. खटला संपेपर्यंत बाहेर राहायची मुभा मिळाली. प्रत्येक तारखेला त्यानं कोर्टात यायचं. दर आठवड्याला पोलिस ठाण्यात हजेरी लावायची. परवानगीशिवाय शहर सोडायचं नाही. साक्षीदारांच्या वाटेला जायचं नाही. आणि तो हे सगळं करेल याची हमी दुसऱ्या कुणीतरी घ्यायची. नुसती तोंडी नाही, काहीतरी अडकवून."

"काय अडकवू? घर भाड्याचं, दुकान भाड्याचं. माझं म्हणावं असं..." बोलता बोलता ती थांबली. तिचा हात माझ्या स्टिअरिंगवर होता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"ही आहे माझी," आत्या म्हणाली.

अहो, हा कुठला न्याय! ज्याच्यावर गाड्या खोलल्याचा आळ, त्याला जामीन कोण, तर गाडी!

"तो आला नाही तर?" तिनं विचारलं.

"तर त्याला शोधून आणायची जबाबदारी तुमची. नाही आणलंत तर हमी जप्त. आधी नोटीस येईल, मग ही जाईल लिलावात."

"आणि सगळ्या तारखांना आला, पण शेवटी दोषी ठरला तर?"

"तर गाडी तुमची तुमच्याकडेच. तो चांगला आहे, अशी हमी तुम्ही देत नाही आहात. तो येईल, एवढीच देताय."

मित्रांनो, मोठमोठ्या माणसांना ही गोष्ट कळत नाही, म्हणून तुम्ही नीट लक्षात ठेवा. जामीन राहणं म्हणजे कुणाला निर्दोष म्हणणं नव्हे. मी त्याला हजर करीन, एवढा एकच शब्द देणं. शब्द छोटा आहे, पण तो रोज पाळावा लागतो.

तेवढ्यात माझ्या खिडकीत एक माणूस वाकला. अत्तराचा असा भपकारा की माझ्या काचेवर वाफ धरली. "मावशी, कशाला गाडी अडकवताय?" तो म्हणाला. "माझा माणूस उभा राहतो की. सही करतो आणि विसरून जातो. तुम्हीपण विसरा." त्यानं पलीकडे उभ्या असलेल्या चकचकीत रुपेरी मोटारीकडे बोट दाखवलं. ती मोटार म्हणे अनेकांना जामीन राहिलेली होती. मी तिच्याकडे बघितलं. तिनं नजर चुकवली.

"तुमचा माणूस माझ्या भाच्याला ओळखतो?" आत्यानं विचारलं.

"ओळखायची गरज काय?"

"मग भाचा पळाला तर तो शोधणार कुठे?" असं म्हणून आत्यानं काच वर केली. त्याची बोटं थोडक्यात वाचली.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी तिला बरंच विचारलं म्हणे. आरोपीला कधीपासून ओळखता, तो राहणार कुठे, तारखेला आणून उभा कराल ना. आत्या म्हणाली, "मॅडम, त्याला चालायला मी शिकवलंय. पळाला तर कुठल्या बाजूला पळेल, तेही मलाच ठाऊक." कोर्टात हशा पिकला. आत्या मात्र हसत नव्हती. हे वकील नंतर माझ्या सीटवर बसून सांगत होता, ते मी ऐकलं.

मग कोर्टाकडून जाड चष्म्याचा एक हवालदार मला तपासायला आला. त्यानं माझ्या सांगाड्यावरच्या नंबरावर कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. आकडे कागदावर उमटले. तसंच इंजिनावरच्या नंबराचं केलं. मला गुदगुल्या झाल्या, पण माणूस आवडला. माझ्यासारखाच होता, डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हता, बोटांवर होता. जाताना तो आत्याला म्हणाला, "खटला संपेपर्यंत गाडी विकायची नाही, मोडायची नाही. आहे तशी राहिली पाहिजे."

"हिला विकत कोण घेतंय!" आत्या म्हणाली.

ठीक आहे, ठीक आहे. मी ऐकून घेतलं. गाडीच्या पुस्तकावर शिक्का बसला आणि फिटर बाहेर आला.

तो लाँड्रीच्या माडीवर राहायला लागला आणि माझी झोप उडाली. आत्याचे डोळे अधू होत चालले होते, म्हणून गाडी तोच चालवायचा. पण आत्या त्याला एकट्याला सोडायची नाही. प्रत्येक फेरीला ती शेजारी बसायची. गाडी थांबली की किल्ली काढून घ्यायची आणि घरी आल्यावर खळीच्या डब्यात लपवायची. हजेरीच्या दिवशी तो पोलिस ठाण्यातून परतला, की ही आत जाऊन विचारायची, "आला होता ना? सही केली ना? स्वतःच्याच हातानं ना?" ठाणे अंमलदार हात जोडायचा. एकदा फिटर वैतागून म्हणाला, "आत्या, अगं माझ्यावर थोडा तरी विश्वास ठेव."

"ठेवते की," आत्या म्हणाली. "चपला कुठे काढल्यास? दाराकडे तोंड करून का ठेवल्यास?"

शाबास! मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

आता तो काय काय करायचा ते ऐका, आणि तुम्हीच ठरवा संशय घ्यायचा की नाही. दुपारी सगळे जेवायला गेले की तो माझं बॉनेट उघडायचा आणि इंजिनाला कान लावायचा. दोरीनं काहीतरी मोजायचा. कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याशी हळू आवाजात बोलायचा आणि कुणी आलं की गप्प व्हायचा. सुट्टीच्या दिवशी कुठे जातोस विचारलं तर म्हणायचा, बंद पडलेल्या डेअरीत थंड पाण्याची मशीनं दुरुस्त करतोय. बंद पडलेल्या डेअरीत दुरुस्ती? सांगणाऱ्यानं सांगावं आणि ऐकणाऱ्यानं ऐकावं! आमचा इस्त्रीवाला आत्याला म्हणाला, "पाखरू उडायच्या बेतात आहे हो." आत्यानं खळीचा डबा वरच्या फळीवर ठेवला.

मग आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. ती डोळ्यावर पट्टी बांधून दवाखान्यात, आणि फेऱ्या चुकू नयेत म्हणून डब्यातली किल्ली फिटरच्या हातात. जाताना तिनं त्याला हजेरीचा वार दहादा ऐकवला.

ती गेली त्याच सकाळी त्यानं मला एका ओळखीच्या शेडमध्ये नेलं. वर साखळी-कप्पी लटकत होती. त्यानं बोल्ट सोडले, नळ्या सोडल्या, साखळी ओढली आणि माझं इंजिन वर उचललं. मित्रांनो, माझं काळीज माझ्या डोळ्यांदेखत हवेत लटकत होतं! मी ओरडणार तरी कशी, बॅटरीची वायर त्यानं आधीच काढली होती. भंगारवाला हातगाडा घेऊन आला आणि ते घेऊन गेला. मी मनात म्हटलं, झालं. गॅरेजवाला खरं बोलत होता. आत्या बिचारी डोळे बांधून पडलीय आणि इथे तिची हमी तुकड्यातुकड्यानं विकली जातेय.

पण मग दुसरं इंजिन आलं. त्याच साखळीवरून खाली उतरलं आणि माझ्या आत बसलं. डेअरीची एक व्हॅन होती, माझ्याच कंपनीची, माझ्याच जातीची. तिला मागून धडक बसून तिचं अंग चेपलं होतं, पण इंजिन धडधाकट होतं. डेअरी पुन्हा सुरू करायची होती, म्हणून डेअरीवाल्याची मशीनं दुरुस्त करून त्या मजुरीत फिटरनं ते मिळवलं होतं. त्यानं किल्ली फिरवली. मी खोकले नाही. धूर नाही, थरथर नाही. फिटर एकटाच हसला, आणि दोन्ही हातांनी तोंड पुसताना सगळं काळं करून घेतलं.

आत्या बरी होऊन आली. पहिल्याच फेरीला मी टेकडी एका दमात चढले. स्टोअरकीपर बाहेर येऊन माझ्या सायलेन्सरकडे वाकून बघायला लागला. आत्याला आधी कळेचना. कळलं तेव्हा ती फिटरच्या पाठीत धपाटा घालून रडायलाच लागली. "मेल्या, सांगितलं का नाहीस?"

"तू नको म्हणाली असतीस. तू माझ्यासाठी हिला अडकवलंस. हिचं काम गेलं असतं तर?"

सगळे खूश. मीही खूश होते, खोटं कशाला बोलू. पण आतून कुणीतरी सारखं विचारत होतं, हे काळीज कुणाचं? सांगाडा माझा, दारं माझी, चिखल माझा. आतला ठोका मात्र दुसऱ्याचा.

फिटरची चूक तुमच्या लक्षात आली का? मेकॅनिकच्या लेखी गाडी म्हणजे जी चालते ती. चांगलं इंजिन बसवलं तर गाडी तीच राहते, उलट जास्त चांगली होते. कोर्टाच्या लेखी गाडी म्हणजे ते दोन नंबर. त्यांतला एक आता भंगारात पडला होता. 'आहे तशी राहिली पाहिजे' हे हवालदार बोलला तेव्हा फिटर कोठडीत होता. आत्यानं ऐकलं होतं, पण इंजिन निघालं तेव्हा तिच्या डोळ्यावर पट्टी होती. आणि नंतरही आनंदाच्या भरात तिच्या ते ध्यानात आलं नाही.

एका दुपारी वकील लाँड्रीत आला. म्हणाला, ती रुपेरी मोटार पकडली गेली. एकाच वेळी कितीतरी जणांना तीच जामीन होती आणि त्यांतले निम्मे फरार. आता कोर्टानं हुकूम काढलाय, हमीवर ठेवलेली प्रत्येक गाडी पुढच्या तारखेला आवारात आणायची. नंबर पुन्हा पडताळणार.

"दाखवू की," आत्या म्हणाली. "आपलं काय खोटं आहे?"

फिटर माझ्या चाकाशी बसला होता. त्याच्या हातातून पान्हा पडला. तो कुणी पाहिला नाही, मी पाहिला.

तो काहीच बोलला नाही. मित्रांनो, जो बोलत नाही त्याच्यावर मी जास्त लक्ष ठेवते. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो म्हणाला, "आत्या, हवा भरून आणतो." आत्या खळ ढवळत होती. तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि किल्ली दिली.

हवेचं दुकान आलं आणि मागे गेलं. पोलिस ठाणं मागे गेलं. टेकडी मागे गेली. आम्ही हमरस्त्याला लागलो आणि माझ्या पायांखालचा रस्ता सरकायला लागला. टाकी भरलेली होती. शहराची हद्द समोर दिसत होती, तिच्यापलीकडे जायची त्याला मनाई होती. मी त्याच्या कपाळावरचा घाम आरशात बघत होते. वाटलं, बंद पडावं, रस्त्यातच फतकल मारून बसावं. पण बंद पडणार कशी? आतलं इंजिन माझं थोडंच होतं! ते त्याच्याच हातानं बसवलेलं, त्याचंच ऐकत होतं.

हद्दीच्या अलीकडे त्यानं गाडी वळवली. तिथे त्याच भंगारवाल्याचं मोठं आवार आहे. माझ्यासारख्या कितीतरी तिथे दारं नसलेल्या, डोळे काढलेल्या पडल्या होत्या. मी इकडेतिकडे न बघण्याचा प्रयत्न केला.

"माझं जुनं इंजिन आहे का अजून?" फिटरनं विचारलं.

"आहे तसंच आहे. उद्या फोडणार होतो." मग सगळं ऐकून भंगारवाला हसला. "एवढंच ना! जुनं कशाला न्यायचं? आतल्या इंजिनाचा नंबर घासून टाकतो, तुझा जुना नंबर त्यावर ठोकतो. चहा होईपर्यंत काम. कुणाचा बापसुद्धा ओळखणार नाही." त्यानं हातोडा आणि आकड्यांचे ठसे काढलेसुद्धा.

फिटर माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. चहा उकळला, त्याचा वास आला. एक ठोका, आणि आत्याची गाडी वाचली, हाही वाचला. कुणालाच कळलं नसतं.

"नको," तो शेवटी म्हणाला. "जे केलं नाही त्यासाठी आत जाऊन आलो. आता करून जाऊ का?"

त्यानं माझं जुनं काळीज हातगाड्यावर घेतलं आणि माझ्या मागच्या भागात चढवलं, जिथे चादरी ठेवतात तिथे.

आम्ही परतलो तेव्हा आत्या लाँड्रीच्या दाराला कुलूप लावत होती. पायांत चपला, हातात वकिलाचं कार्ड. इस्त्रीवाला शेजारी उभा राहून सांगत होता, "गाडीही गेली, भाचाही गेला." ती पोलिस ठाण्यात निघाली होती. स्वतःच्या भाच्याची खबर द्यायला. जामीनदाराला हेही करावं लागतं, मित्रांनो.

फिटर खाली उतरला. त्यानं मागचं दार उघडून दाखवलं आणि सगळं सांगितलं. आत्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हे आतलं चोरीचं आहे?"

त्याचा चेहरा पडला. "तूपण, आत्या?"

"मीच विचारणार. कोर्ट उद्या विचारेल, त्याच्या आधी मी विचारणार. बोल."

"डेअरीवाल्याला विचार."

आणि तिनं खरंच विचारलं! तिथेच उभी राहून, फोनचा आवाज मोठा करून. डेअरीवाला म्हणाला, इंजिन माझ्या व्हॅनचं, मजुरीच्या बदल्यात मीच दिलं, पावती त्याच्याकडे आहे, हवं तर कोर्टात येतो. "हवंच आहे. या," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. मग फिटरकडे वळली. "त्या इंजिनाखाली जुनी चादर अंथर. तेलाचे डाग पडले तर तुझ्या अंगावर धुवीन."

तारखेच्या दिवशी आवार गाड्यांनी भरलं होतं. जाड चष्म्याचा हवालदार जुना कागद घेऊन आला. सांगाड्याचा नंबर जुळला. त्यानं बॉनेट उघडलं, नवा कागद धरला, पेन्सिल घासली आणि दोन्ही कागद उजेडात धरले. मग चष्मा काढून पुसला.

"आत्याबाई, ही ती गाडी नाही."

"तीच आहे. अर्धी पुढे आहे आणि अर्धी मागे," आत्या म्हणाली आणि मागचं दार उघडलं.

गर्दी जमली. वकिलानं टोपण चावून चावून चपटं केलं. न्यायाधीशबाई स्वतः खाली आल्या. मागच्या इंजिनावर पेन्सिल फिरली, तो नंबर जुन्या कागदाशी जुळला. डेअरीवाल्यानं पुढच्या इंजिनाचं सांगितलं, पावती दाखवली.

"या आरोपीवर आळ काय आहे?" बाईंनी विचारलं.

"चांगलं काढून जुनं बसवणे, मॅडम," हवालदार म्हणाला.

"आणि इथे काय केलंय?"

हवालदारानं दोन्हीकडे बघितलं. "जुनं काढून चांगलं बसवलंय, मॅडम."

कुणीतरी हसलं. बाई हसल्या नाहीत. "खटल्याचा निकाल खटल्यात लागेल. आजचा प्रश्न हमीचा आहे. कोर्टाकडे ठेवलेली वस्तू कोर्टाला न विचारता बदलली. हेतू चांगला असेल, तरी हे चालणार नाही. हमी नव्यानं लिहून द्यावी लागेल. आरोपीची हजेरी आठवड्यातून दोनदा. आणि गाडीला यापुढे परवानगीशिवाय हात लावायचा नाही." मग त्या आत्याकडे वळल्या. "आत्याबाई, जामीनदाराला मोकळं होता येतं. नको असेल तर आत्ता सांगा. दुसरा जामीनदार मिळेपर्यंत त्याला आत जावं लागेल, पण तुमची गाडी सुटेल. याच्यावर तुमचा विश्वास आहे का?"

फिटर खाली मान घालून माझ्या पुढच्या चाकाकडे बघत होता. तिनं नाही म्हटलं असतं, तर त्याला तिथूनच घेऊन गेले असते.

"नाही, मॅडम," आत्या म्हणाली.

फिटरनं डोळे मिटले.

"विश्वास असता तर घरी बसले असते. संशय आहे, म्हणून तर दर तारखेला शेजारी बसून येते. ज्याला याची काळजी नाही तो याच्यावर संशय तरी कशाला घेईल? लिहा माझं नाव. मी आणीन त्याला."

"लिहून घ्या," बाई कारकुनाला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी आम्ही घरी आलो. फिटरनं गाडी लावली, किल्ली काढली आणि नेहमीसारखी आत्यापुढे धरली. "घे. तुझ्या डब्यात ठेव." आत्यानं ती घेतली. खळीच्या डब्याकडे गेली, डबा उघडला, बंद केला. मग परत दाराशी आली आणि चौकटीवरच्या उघड्या खिळ्याला किल्ली टांगली. मालक असताना ती तिथेच असायची. इस्त्रीवाल्यानं इस्त्री जरा जास्तच जोरात दाबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर खाली आला आणि माझ्या चारही चाकांना एकेक लाथ मारली. मग वाकून माझ्या पोटाखाली बघितलं. त्याला हे कुणी शिकवलं, ठाऊक नाही. माझ्या काचेवर पाणी जमलं होतं, दव असेल.

मित्रांनो, खटला अजून चालू आहे. निकाल काय लागेल ते मला माहीत नाही आणि मला विचारूही नका, मी कुणाच्या बाजूनं बोलणारी नाही. पण उद्या मोठे झालात आणि कुणी तुम्हाला म्हणालं, जामीन राहता का, तर ताडकन हो म्हणू नका आणि घाबरून नाहीही म्हणू नका. आधी त्या माणसाच्या चपला कुठे असतात ते बघा. अटी वाचा, त्यालाही वाचून दाखवा. ठेवलेली वस्तू आहे तशी जपा. आणि सही केल्यावर विसरू नका, कारण विसरायची सोय त्या रुपेरी मोटारीनं केली होती आणि ती आता कोर्टाच्या मागच्या भिंतीशी गंजत उभी आहे. आणि जो बाहेर आलाय, त्यानंही विसरू नये. तो मोकळा फिरतो तेव्हा कुणाची तरी भाकरी त्याच्यासाठी अडकलेली असते.

माझं जुनं इंजिन लाँड्रीच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकून ठेवलंय. माझी नजर अजून तशीच आहे. फिटर जिना उतरला की मी आरशातून बघते, आणि त्याच्यानंतर लगेच खिळ्याकडे बघते. उद्या सकाळी तारीख आहे.

किल्ली तिथेच आहे.